माळावर बिळात सापडलेला कोळी: लांडगा कोळीच का? आणि दोन-तीन महिने सांभाळायचा कसा?

माणदेशी_माळ
माण तालुक्यात माळावर बोटभर रुंदीची उभी बिळं आहेत. तोंडाशी रेशमात गुंफलेल्या काड्यांची कड. अंधार पडला की आतला कोळी वर येऊन बसतो. शरीर अंदाजे १८ मिमी (पाय सोडून), रंग राखाडी-तपकिरी, डोक्याकडच्या भागावर मधोमध फिकट पट्टा. बॅटरीच्या उजेडात डोळे हिरवट चमकतात. कोणी याला टॅरंटुला म्हणतं, कोणी घरातल्या भिंतीवरचा मोठा कोळी. शाळेच्या विज्ञान कोपऱ्यात एक ठेवून मुलांना शिकार आणि कात टाकणं दाखवायचंय. ओळख पक्की कशी करू? डबा, माती, खाणं काय? मुलांना धोका आहे का?

अष्टपाद
वर्णनावरून लांडगा कोळीच वाटतो, पण खात्री डोळ्यांवरून करा, रंगावरून नको. समोरून चेहऱ्याचा जवळून फोटो घ्या. खाली चार बारीक डोळ्यांची एक ओळ, तिच्यावर समोर रोखलेले दोन खूप मोठे डोळे, आणि त्यांच्या मागे डोक्याच्या वरच्या बाजूला दोन मध्यम. ही ४-२-२ मांडणी दिसली की कुळ ठरलं, लायकोसिडी. घराच्या भिंतीवरचा चपटा, खेकड्यासारखे पाय पसरणारा कोळी म्हणजे हंट्समन. त्याचे डोळे चार-चारच्या दोन ओळींत असतात आणि तो काचेवर सरसर चढतो. बहुतेक लांडगा कोळ्यांना गुळगुळीत काच चढता येत नाही. टॅरंटुलाचे आठही डोळे एका बारक्या उंचवट्यावर दाटीने असतात आणि सुळे शेजारी-शेजारी, खाली वळलेले. लांडगा कोळ्याचे सुळे चिमट्यासारखे एकमेकांसमोर येतात.

आणखी एक खूण पायांची. चौथी, म्हणजे सगळ्यात मागची जोडी सर्वांत लांब असते. मादीजवळ अंड्यांची पिशवी असेल तर प्रश्नच मिटतो: लांडगा कोळीण ती पोटाच्या मागच्या टोकाला चिकटवून ओढत नेते. पिशवी जबड्यात धरून फिरणारी मादी दिसली तर ते पिसॉरिडी हे वेगळं कुळ.

तुमचा बिळात राहणारा आणि आकाराने मोठा आहे, म्हणजे लायकोसा किंवा त्याच्या जवळची प्रजाती (कुळातला जवळच्या जातींचा गट) असण्याची शक्यता जास्त. जात मात्र फोटोवरून सांगायला जाऊ नका. पुण्याच्या नावाचा लायकोसा पुनाएन्सिस टिकादर आणि मल्होत्रा यांनी १९८० साली नोंदवला. अशा जाती वेगळ्या करायच्या तर पूर्ण वाढलेल्या मादीच्या पोटाखालची जननेंद्रियाची कडक चकती आणि नराचे स्पर्शपाद (तोंडापुढची पायासारखी छोटी जोडी) सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. पिल्लांत हे दोन्ही तयार झालेलं नसतं. तक्त्यावर ‘लांडगा कोळी, लायकोसिडी कुळ’ एवढंच लिहिलंत तर ते बरोबर असेल. पाठीच्या नक्षीवरून जात लिहिलीत तर बहुधा चूक.

रानवाटा
कुठला कोळी उचलायचा ते आधी ठरवा. कात टाकताना दाखवायची असेल तर अर्धवट वाढलेलाच हवा, कारण वयात आल्यावर हे कोळी पुन्हा कात टाकत नाहीत. १०-१२ मिमीचा, पोटाखाली गडद चकती नसलेला, स्पर्शपादांची टोकं बारीक असलेला शोधा. तोंडापुढचे दोन स्पर्शपाद बॉक्सिंगच्या मोज्यांसारखे फुगलेले असतील तर तो वयात आलेला नर. त्याचं आयुष्य थोडंच उरलेलं असतं आणि तो मादी शोधत डब्यात सारखा फिरत राहतो. त्याला सोडा. पिशवी किंवा पाठीवर पिल्लं असलेली मादी तर मुळीच उचलू नका. लायकोसा माद्या दिवसा बिळाच्या तोंडाशी येऊन पिशवीला ऊन देतात. वेळ झाली की मादीच पिशवीची शिवण फाडते, मग पिल्लं तिच्या पायांवरून पाठीवर चढतात. डब्यात हादरलेली मादी पिशवी टाकून देते किंवा खाऊन टाकते.

बीळ कुदळीने खणू नका, माती ढासळून कोळी चिरडतो आणि बीळही जातं. रात्री तो तोंडाशी आला की बिळाच्या कडेपासून ३-४ सेंमीवरून रुंद पात्याची खुरपी तिरपी, एका झटक्यात आत घाला. मागे जायचा रस्ता बंद झाला की तो बाहेर पळतो. वरून पारदर्शक पेला ठेवा, खालून जाड कागद सरकवा. हाताने किंवा चिमट्याने धरलंत तर तो पाय तोडून सुटतो. वाढत्या कोळ्याचा पाय पुढच्या कातींत परत येतो, वयात आलेल्याचा येत नाही. आणि अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही, तेव्हा जागा कुठली ते आधी बघून घ्या.

कोकोपीट
हे कोळी डब्यात मरतात ते बहुतेक तहानेने किंवा कोंदट हवेने. उपाशी क्वचितच. म्हणून आधी मातीचं बोलतो.

एका कोळ्याला २०×१५ सेंमी तळाचा, २० सेंमी उंच पारदर्शक डबा पुरतो. दोन कोळी एकत्र कधीच नाही, एक दुसऱ्याला खातो. त्याच माळाची माती चाळून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्या, म्हणजे मुंग्या आणि बारीक किडे जातात. दोन भाग माती, एक भाग भिजवून घट्ट पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नुसत्या वाळूत किंवा नुसत्या कोकोपीटात बीळ उभं राहत नाही. हे मिश्रण १०-१२ सेंमी भरा आणि थर देत दाबा. मग पेन्सिलने डब्याच्या भिंतीला लागून ५-६ सेंमीचं तिरपं भोक पाडून ठेवा. कोळी बहुधा तेच वाढवतो, आणि बाहेरून आतलं दिसतं. त्या बाजूला काळा कागद लावा, बघायचं तेव्हाच काढा.

मातीचा एकच कोपरा ओला ठेवा, चार-पाच दिवसांनी त्यात दोन-तीन चमचे पाणी. बाकी माती कोरडी. सगळी माती ओली केली की बुरशी येते आणि तुमचा कोळी तर कोरड्या माळाचा आहे. पाणी बाटलीच्या झाकणात, आत चार खडे टाकून, रोज बदलायचं. स्पंजची गरज नाही, तो कुजतो. वाऱ्यासाठी गरम सुईने दोन समोरासमोरच्या बाजूंना, मातीच्या वर २०-२५ भोकं पाडा. नुसती झाकणाला पाडली तर खाली हवा खेळत नाही. डब्यावर ऊन पडू देऊ नका, बंद प्लास्टिकमध्ये थोड्या वेळात कोळी शिजतो.

पोट सुरकुतलं आणि पाय पोटाखाली गोळा व्हायला लागले तर ते तहानेचं लक्षण. अशा वेळी तोंड पाण्याच्या थेंबाला टेकेल असा ठेवा, नाहीतर ओल्या कागदावर.

माणदेशी_माळ
फार उपयोगी माहिती. खायला काय आणि किती? शाळेला सुट्टी लागली तर? आणि धोक्याचं राहिलंच.

अष्टपाद
रातकिडे किंवा झुरळाची पिल्लं, कोळ्याच्या शरीराच्या लांबीच्या निम्म्याहून थोडी मोठी चालतील, त्यापेक्षा मोठी नकोत. ४-५ दिवसांनी एक पुरे. हिशोब दिवसांवर ठेवू नका, पोटावर ठेवा: पोट डोक्याकडच्या भागाएवढं रुंद असेल तर द्या, दीडपट झालं की थांबा. औषध फवारलेल्या शेतातले नाकतोडे आणि फवारणी होणाऱ्या घरातली झुरळं नकोत, त्यातूनच विष चढतं. मुंग्याही नकोत. आठवड्याची सुट्टी काहीच नाही, फक्त पाणी भरून जा. त्याहून मोठी असेल तर सोडून द्या.

कात जवळ आली की तो खाणं सोडतो, रंग मळकट होतो, बऱ्याचदा बिळाचं तोंड रेशमाने बंद करतो. तेव्हा डब्यातला जिवंत रातकिडा लगेच काढा. मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडे कुरतडतात, आणि घरी पाळलेले कोळी जातात त्याचं हे नेहमीचं कारण. उकरून बघू नका. कात टाकल्यावर निदान पाच दिवस खाणं नको, सुळे काळे आणि टणक व्हायला हवेत. टाकलेली कात जपून काढा: डोळ्यांची मांडणी भिंगाखाली मुलांना तिच्यावर उत्तम दिसते, जिवंत कोळ्याला त्रास न देता. खाऊन उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी उचला, नाहीतर माइट (अगदी बारीक किडे) पडतात.

धोक्याचं: हा कोळी माणसावर धावून येत नाही, हातात दाबला गेला तर चावतो. विष माणसाला घातक नाही. दुखतं, थोडी सूज येते. साबणाने धुवा, थंड पट्टी ठेवा. श्वास लागला किंवा अंगभर पित्त उठलं तर ॲलर्जी समजून दवाखाना गाठा. हाताळायचा नाही हा नियम शाळेत डब्यावरच लिहून लावा.

खाचर
मुलांना दाखवायचंच असेल तर डब्याइतकीच रात्रीची फेरीही करा. बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरली तरच कोळ्यांचे डोळे चमकतात, कमरेशी धरली तर नाही. दवाचा थेंबही चकाकतो, पण डोकं हलवलं की त्याची चमक तुटते. कोळ्याची हिरवी-निळी ठिणगी स्थिर राहते.

भाताच्या खाचरातले छोटे, पाण्यावरून पळणारे लांडगा कोळी मात्र शाळेसाठी उचलू नका. ते बहुधा पार्डोसा असतात, तपकिरी तुडतुडे (भातावरची कीड) खातात, शेतातच हवेत. पावसाळ्यात लॉनवर दवाने उठून दिसणाऱ्या नळीच्या जाळ्यातला हिप्पासाही याच कुळातला. त्याला जाळं पसरायला रुंद जागा लागते, तुमच्या खोल मातीच्या डब्यात तो नीट राहणार नाही.

सोडताना कोळी पकडला त्याच माळावर, संध्याकाळी, पेन्सिलने पाडलेल्या भोकाच्या तोंडाशी सोडा. भर दुपारी उघड्यावर सोडलात तर बीळ सापडायच्या आत तो पक्ष्याच्या किंवा मुंग्यांच्या तोंडी जातो.