कविता कळायला लागली ती कशाने? तुमचे अनुभव सांगा

शाळेत रसग्रहण लिहिताना 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' हे वाक्य मी दिसेल त्या कवितेला चिकटवायचे, मार्क मिळायचे, कविता मात्र कळायची नाही. आता पस्तिशीत परत मनापासून वाचायला घेतलीय. तुमची गाठ कशी सुटली? सविस्तर लिहा प्लीज.

-----

माझी वृत्तांमुळे. आजोबांनी मनाचे श्लोक पाठ करून घेतले होते, अर्थ वगैरे काही नाही, नुसती चाल. पुढे कॉलेजात सरांनी फळ्यावर लगागा लगागा लगागा लगागा असं मांडलं (ल म्हणजे लघु अक्षर, गा म्हणजे गुरू, आणि लगागा या तिघांचा गट म्हणजे य गण), चार य गण, १२ अक्षरं, हे मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात वृत्त, आणि मला एकदम जाणवलं की अरे हे तर आपल्या तोंडात लहानपणापासून आहे! तेव्हापासून अडलं की आधी टाळी धरून मोठ्याने म्हणतो. ऱ्हस्व अक्षर दीर्घ केलेलं दिसलं की थांबतो, हे फक्त वृत्त सांभाळायला केलंय की त्या शब्दावर जोर हवाय म्हणून. कधीकधी दोन्ही असतं आणि ते सापडलं की जो आनंद होतो तो मला सांगता येत नाही.

-----

गझलेत मी वरून खाली एक गोष्ट शोधत बसायचो. प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असू शकतो हे कळल्यावर मोकळा झालो. आता रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी परत येणारा शब्द, बघतो, शब्द तोच पण शेरागणिक अर्थ कसा सरकतो ते.

-----

मुक्तछंदासाठी, म्हणजे ठरलेलं वृत्त नसलेल्या कवितेसाठी, माझी एक पद्धत आहे, फार उपयोगी पडली म्हणून सांगते. मैत्रिणीला कविता सलग परिच्छेदासारखी लिहून द्यायला सांगते आणि ओळी कुठे तोडायच्या ते मी ठरवते, मग मूळ कवितेशी ताडून बघते. मी नेहमी वाक्य संपलं की तोडायचे. कवी भलतीकडेच तोडतात. म्हणजे बघा (उदाहरण माझंच), 'मी वाट पाहिली' इथे ओळ संपली आणि खालच्या ओळीत एकटंच 'नाही'. क्षणभर वाट पाहिलेली असतेच ना!

-----

वृत्तं, रदीफ सगळं मान्य, पण मला त्याआधी एक प्रश्न लागतो, हे बोलतंय कोण आणि कुणाशी? कवितेतला 'मी' म्हणजे कवीच असं धरून मी कितीतरी वर्षं चुकीचं वाचलं. एका कवितेतला 'मी' तर मेलेला माणूस होता, आणि ते मला चौथ्या वाचनाला कळलं, अंगावर काटा आला.

-----

धागाकर्ती: परिच्छेदाचा प्रयोग काल रात्री नवऱ्याकडून करून घेतला. बारा ओळींपैकी तीनच जुळल्या. एका ठिकाणी कवीने 'आणि'वर ओळ सोडून दिलीय, पुढे कोरी जागा, मग नवं कडवं. त्या 'आणि'पाशीच अडकलेय, आज परत मोठ्याने वाचणार आहे.