इंग्रजी अहवाललेखन सुधारण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहतो आणि रबाळे एमआयडीसीतील एका औषधनिर्मिती कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करतो. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले; त्याआधीच्या आमच्या तुकड्यांची एबीसीडीशी ओळख पाचवीत झाली. पुढे बी.एस्सी. इंग्रजीतूनच केल्यामुळे वाचलेले समजते आणि तांत्रिक शब्दही अडत नाहीत. अडते ते लिहिताना. डेव्हिएशन रिपोर्ट (ठरलेल्या कार्यपद्धतीपेक्षा काही वेगळे घडले की लिहायचा अहवाल) किंवा ऑडिटमधील शेऱ्यांना द्यायचे उत्तर लिहिले की वरिष्ठ मसुदा दुरुस्त करून परत पाठवतात, पण दुरुस्तीचे कारण सांगत नाहीत (बहुधा त्यांनाही ते नेमके सांगता येत नसावे).

सर्वाधिक गोंधळ 'अ' आणि 'द' यांचा होतो. पहिल्या उल्लेखाला 'अ' आणि नंतर 'द' हा शाळेतला नियम मला ठाऊक आहे, परंतु 'द टेम्परेचर ऑफ द रिॲक्टर' लिहायचे आणि 'ॲट रूम टेम्परेचर' लिहिताना मात्र 'द' गाळायचा, हे त्या नियमात कोठेच बसत नाही. दुसरी अडचण काळांची आहे. 'काल अहवाल पाठवला आहे' हे मराठीत अगदी सहज चालते, म्हणून 'आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे' असे लिहिले जाते आणि 'हॅव' खोडला जातो. शिवाय 'इक्विपमेंट', 'इन्फर्मेशन' यांना 'एस' लागत नाही, हे एकेक शब्द पाठ करून किती दिवस लक्षात ठेवायचे?

स्टेशनबाहेरच्या इंग्रजी वर्गांची चौकशी केली. तेथे सारा भर संभाषणावर आहे. रोज नवे शब्द पाठ करण्याचा सल्लाही अनेकांनी दिला, पण माझी उणीव शब्दांची आहे असे मला वाटत नाही. नोकरी सांभाळून, मुख्यतः रात्री, घरच्या घरी करता येईल असा अभ्यास कोणी सुचवू शकेल का? आणि अहवालात कर्मणी प्रयोग कितपत वापरावा?

प्रतिसाद (वाशीहून) :

आपले निदान बरोबर आहे. शब्दसंग्रहाच्या मागे लागू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असलेले शब्दकोश, उदाहरणार्थ केंब्रिजचा, जालावर विनामूल्य पाहता येतात. त्यांत प्रत्येक नामापुढे 'सी' किंवा 'यू' असते, म्हणजे ते नाम मोजता येते की नाही. शंका आली की तेवढे अक्षर पाहावे; पाठांतराची गरज नाही. 'द'च्या बाबतीत, वाचणाऱ्याला नेमकी कोणती वस्तू अभिप्रेत आहे हे कळते का, असे विचारावे. 'ऑफ द रिॲक्टर'मुळे तापमान निश्चित होते, म्हणून 'द'. 'ॲट रूम टेम्परेचर' हा ठरलेला शब्दप्रयोग आहे; तो अख्खाच लक्षात ठेवावा. 'यस्टरडे' किंवा तारीख यांसारखी संपून गेलेली वेळ वाक्यात आली की 'हॅव' वापरू नये; आपल्या अहवालांत तारखा भरपूर असल्यामुळे एवढ्याने बऱ्याच दुरुस्त्या टळतील.

प्रयोगाच्या वर्णनात कर्मणी प्रयोग रूढ आहे. डेव्हिएशनमध्ये मात्र काम कोणी केले हेच विचारले जाते, त्यामुळे 'द ऑपरेटर' असा कर्ता स्पष्ट लिहावा.

अभ्यासासाठी मंजूर झालेला एखादा जुना अहवाल घ्यावा, त्यातील मुद्दे मराठीत टिपून तो बाजूला ठेवावा आणि दोन-तीन दिवसांनी त्या टिपणांवरून इंग्रजीत पुन्हा लिहून मूळ अहवालाशी ताडून पाहावा. मला स्वतःला पुस्तकातील गाळलेल्या जागा भरण्यापेक्षा याचा अधिक उपयोग झाला. कंपनीचे व उत्पादनाचे नाव काढून दुरुस्त झालेला एखादा परिच्छेद येथे दिलात, तर कोणत्या प्रकारच्या दुरुस्त्या वारंवार होतात ते पाहून पुढचे सांगता येईल.