मदत हवी आहे: ठरावीक अक्षरांतूनच बनणारे इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. इंग्रजी वाचनासाठी जॉली फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणाऱ्या पद्धतीचा, क्रम धरला आहे. त्यात एबीसीडीच्या ओळीने न जाता आधी एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं त्यांच्या उच्चारांसकट शिकवतात. दुसऱ्या गटात सी, के, ई, एच, आर, एम, डी. काना-वेलांटी येणाऱ्या मुलांना हे पटकन जमतं. प, वेलांटी, न असं पिन जुळवायची सवय असतेच, तसंच ती पी-आय-एन जुळवतात.

अडचण शब्दांची आहे. सॅट, टॅप, नॅप, टिप, अँट, स्पिन, स्नॅप एवढे झाले की माझा साठा संपतो. रोज तेच शब्द दिले की मुलं वाचत नाहीत, पाठ म्हणतात. न शिकवलेलं अक्षर मध्ये आलं तर अडतात आणि हिरमुसतात. म्हणून मला फक्त या सहा अक्षरांतून बनणारे सगळे शब्द हवे आहेत. सहाही अक्षरं प्रत्येक शब्दात असायला हवीत असं नाही, पण सातवं नको.

नेटवर शोधलं. 'ही अक्षरं असलेले शब्द' असा पर्याय निवडला की कॅप्टन्स, पॅशनेट असले शब्द येतात. सहाही अक्षरं त्यांत आहेत, पण पहिलीला काय उपयोग? दुसऱ्या प्रकारच्या साइट स्क्रॅबल या शब्दखेळातल्या सोंगट्यांसारखं प्रत्येक अक्षर एकदाच वापरतात, त्यामुळे टिंट, पिप असे शब्द गळतात. शाळेत एक जुना लॅपटॉप आहे, त्यात एक्सेल आहे. नेटचा भरवसा नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

ताई, एक्सेलमध्येच होईल. एनेबल नावाची इंग्रजी शब्दांची यादी फुकट मिळते, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. सुमारे १,७३,००० शब्द आहेत. एकदा उतरवून घेतलीत की नेट लागणार नाही. ती पहिल्या रकान्यात चिकटवा. शेजारच्या रकान्यात सब्स्टिट्यूट हे सूत्र सहा वेळा एकात एक घाला. दर वेळी एक अक्षर घ्यायचं आणि त्याच्या जागी रिकामं अवतरण द्यायचं. सगळ्याच्या बाहेर लेन, म्हणजे अक्षरं मोजणारं सूत्र. म्हणजे शब्दातून सहाही अक्षरं पुसल्यावर किती उरली ते कळेल. शून्य आलं तो शब्द तुमचा. फिल्टर लावून शून्यवाले घ्या. अक्षरं छोट्या लिपीतच लिहा, हे सूत्र छोटं-मोठं अक्षर वेगळं धरतं.

तिसऱ्या रकान्यात मूळ शब्दाची लांबी काढा आणि चारपर्यंतचेच ठेवा. नाहीतर पियानिस्ट आणि अँटिपास्टीही येतील, तेही या सहांतूनच बनतात.

प्रतिसाद

वरचा उपाय बरोबर आहे, पण मॅडम, यादी जशीच्या तशी वर्गात नेऊ नका. मीही प्राथमिकलाच आहे, म्हणून कळकळीने सांगतोय. संगणक अक्षरं बघतो, आपण आवाज शिकवतो.

पेन, म्हणजे दुखणं, याचं स्पेलिंग पी-ए-आय-एन. अक्षरं सगळी शिकवलेली, पण ए-आय जोडीचा आवाज चौथ्या गटात येतो. मूल 'पॅइन' वाचेल आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. म्हणून ए-आय जवळजवळ असलेले शब्द 'डझ नॉट कंटेन'चा फिल्टर लावून आधी उडवा. पाइंट मात्र फिल्टरला सापडत नाही. पी-आय-एन-टी, दिसायला टिंटसारखाच, आवाज वेगळा. स्पा तसाच. ते डोळ्यांनीच वेचावे लागतात. यादीत काही अश्लील शब्दही निघतात, तेव्हाही नजर फिरेलच.

इज आणि अ‍ॅज यांत एसचा आवाज झ होतो. टॅप्स, पिट्स चालतील, पण पिन्स, टिन्स यांच्या शेवटी तोच झ आहे. मी सुरुवातीला अनेकवचनं घेतच नाही.

दुसरा गट जोडलात की खरी कसरत. शिप, चिप, दॅट सगळे तेरा अक्षरांत बसतात, पण एसएच, सीएच, टीएच अजून शिकवलेले नसतात. नेम, टाइम, काइट यांत शेवटचा ई मुका. तेव्हा एच असलेल्या जोड्या आणि ई ने संपणारे शब्द सरळ बाद करा. सीके ठेवा, तो दुसऱ्या गटातच आहे. किक, नेक मुलांना आवडतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सूत्र चाललं. ए-आयवाले काढले, पाइंट आणि स्पा हाताने खोडले. सिप, पॅट, निप, स्पिट, स्निप, पँट असे चांगले शब्द मिळाले. पँट तर सगळ्यांच्या ओळखीची. अनेकवचनांचं तुमचं म्हणणं पटलं, सर, तीही काढली. इज मात्र ठेवणार आहे, त्याच्याशिवाय वाक्य होत नाही. तो चित्रासारखा ओळखायला शिकवेन.

एकच शंका. दुसऱ्या गटाच्या यादीत मला फक्त नवे शब्द हवेत, हेन, रेड, मॅप असे. पहिल्या गटातले पुन्हा नकोत. त्यासाठी काय करू?

प्रतिसाद

सहांचा रकाना तसाच राहू द्या. शेजारी तेरा अक्षरांचं सूत्र घाला. तेरावाल्यात शून्य आणि सहावाल्यात शून्यापेक्षा जास्त, असे दोन फिल्टर एकदम लावा. उरतील ते नवे.

धागाकर्ती

जमलं, दादा! तिसऱ्या गटाच्या जी, ओ, यू, एल, एफ, बी साठीही असंच करते. निवडलेली यादी कुणा शिक्षकांना हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फाइल पाठवते.