पाटाच्या कडेचा रस्ता कुणाचा? कादवाकाठच्या ग्रॅव्हल रूटवरून

मळेकरी
परवा 'चाकोरीबाहेर' यांनी इथे पालखेड धरणापासून पाटाच्या कडेने निघून निफाडच्या शिवारातून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत जाणारा ग्रॅव्हल रूट, म्हणजे खडी-मातीच्या वाटांचा सायकल मार्ग, टाकला. फोटो देखणे आहेत. पण खाली लिहिलंय, "पाटाचा रस्ता सरकारी, पाणंद सार्वजनिक, तरी गावकरी साखळ्या लावतात आणि डोळे वटारतात. वाईन टुरिझमवर जगायचं आणि पाहुण्यांना असं वागवायचं." दोन दिवस हेच डोक्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सायकल चालवतो, चाळीस मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर लावून. आणि याच रूटला लागून माझी अडीच एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. म्हणजे दोन्हीकडची धूळ मी खाल्लेली आहे.

आधी हे की आम्ही वाईनवर जगत नाही. तुम्ही 'वाइनयार्ड' म्हणून टाकलेल्या चारही बागा खायच्या द्राक्षांच्या आहेत. लोखंडी वाय अँगलवर पसरलेल्या वेली दिसतात ना, त्या. वाईनची बाग उभ्या तारांवर भिंतीसारखी चढवतात, मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. शेनिन ब्लां, शिराझ असली वाईनची द्राक्षं लावणारे शेतकरी आहेत, पण खायच्या द्राक्षापुढे ते थोडेच.

आता गेल्या जानेवारीतलं सांगतो. अकरा सायकली बागेच्या तोंडाशी थांबल्या. माणसं चांगली होती, एक मणीही तोडला नाही. पण फोटोसाठी एकेकाने घड तळहातावर उचलून धरला. मण्यावर पांढुरका थर असतो, तो अंगठ्याने पुसला जातो आणि तिथे चकचकीत हिरवा ठसा उमटतो. ठशाचा घड निर्यातीच्या पेटीत जात नाही, इथल्याच बाजारात जातो. संध्याकाळी मी तारेखाली वाकून एकेक घड बघत होतो. सतरा निघाले.

धुळीचंही तसंच. घडावर बसलेली धूळ धुवायला गेलं तर तोच थर जातो. शिवाय धुळीत लाल कोळी ही कीड वाढते. म्हणून तोडणीच्या दिवसांत आम्ही टँकरने रस्ता ओला करतो. सायकलने फार धूळ उडत नाही हे मान्य. मागून येणारी तुमची सामानाची गाडी उडवते.

आणि फवारणी. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी, मग भुरी, असे बुरशीचे रोग येतात. औषध फवारणारा ब्लोअर चालू असताना ट्रॅक्टरवरच्या माणसाला मागचं काही ऐकू येत नाही. तुम्ही त्या धुक्यातून हसत गेलात, मला घाम फुटला.

चाकोरीबाहेर
लांबलचक लिहिलंत, पण साखळीबद्दल एक शब्द नाही. मी सांगतो. सकाळी पावणेसात, सूर्य समोर, दोन बाभळींच्या मध्ये गुडघ्याच्या उंचीवर गंजलेली साखळी. ना कापड, ना पाटी. मी हँडलवरून पुढे पडलो. कोपराला सहा टाके पडले. ज्याची साखळी होती तो बांधावर उभा होता, तो म्हणाला, "दिसत नाही का?" पाणीसुद्धा विचारलं नाही. हे तुमच्या सतरा घडांपेक्षा लहान आहे का?

घड उचलणारे आमच्या ग्रुपचे नव्हते. अकरा जणांनी केलं म्हणून सगळे सायकलवाले तसे ठरवू नका.

युरोपात जाऊन आलोय मी. ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठाने वाखाऊच्या मळ्यांतून चाललोय, फ्रान्समध्ये लुआरच्या काठानेही. युरोव्हेलो ६ हा सायकलमार्ग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांतून जातो. हजारो लोक जातात. तिथे द्राक्षं नाहीत? तिथे फवारणी होत नाही?

ओलीवाट
होते. पण जर्मनीत मोझेलसारख्या भागात मळ्यातल्या वाटा मुळात शेतकामासाठी केलेल्या, ट्रॅक्टर आला की सायकलने बाजूला व्हायचं. आणि द्राक्षं पिकायला लागली की अनेक गावांत मळ्यातल्या वाटा लोकांना बंद करायची जुनी पद्धत आहे. फलक लागतो, सगळे ऐकतात. युरोपाचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या.

बाकी चाळीसचे टायर त्या रूटला पुरत नाहीत. काळ्या मातीत एक सर पडली की फ्रेम आणि चाकाच्या मध्ये गोळा बसतो, चाक फिरत नाही. पन्नासचे लावा आणि बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चर बुजवणारं सीलंट भरपूर.

मळेकरी
टायर रुंद केले म्हणून काळी माती सोडत नाही. रुंद टायरला जागा कमी उरते, गोळा लवकर बसतो. आमच्याकडे पावसात सायकल खांद्यावर घेतात. टायरचा वाद नंतर.

थडीकाठ
रूटचं शेवटचं टोक कुणीच बघत नाहीये. नांदूरमध्यमेश्वर हे १९८६ पासून अभयारण्य आहे, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला बंधारा शंभर वर्षांहून जुना, त्यामागच्या गाळावर हे सगळं उभं आहे. हिवाळ्यात तिथे परदेशातून आलेली बदकं उथळ पाण्यात चरतात. तुम्ही म्हणता तो 'शेवटचा भन्नाट सिंगल ट्रॅक', म्हणजे एका सायकलीपुरती वाट, पाण्याच्या काठाला लागून जातो. मी दुर्बीण लावून बसलो होतो. सहा सायकली आल्या आणि चार-पाचशे पक्षी एकदम उठले. उडताना जी ताकद जाते ती त्यांनी परतीच्या प्रवासासाठी साठवलेली असते. रूट गावातच संपवा, पुढे पायी जा.

चाकोरीबाहेर
हे मला माहीत नव्हतं. शेवटचा टप्पा काढतो. पण पाणंदीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. सार्वजनिक आहे की नाही?

शिवारातली
मी देते उत्तर. पाणंद सार्वजनिक आहे, आणि ती तुमच्या आधी आमची आहे, कारण आम्हाला त्यावरून घरी जायचं असतं. तुम्ही सगळे कधी बोलता? हिवाळ्यात. जुलैत या ना. गेल्या वर्षी सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं. गाडी रस्त्यालाच थांबली, पाऊण किलोमीटर चिखलातून बाजेवर नेलं. माझा दीर आणि शेजारचे तिघे. चप्पल पायात राहत नव्हती. सासरे वाचले, पण ती रात्र मी विसरणार नाही.

आमची पाणंद गावनकाशावर दुहेरी तुटक रेषेने स्पष्ट आहे. प्रत्यक्षात दोन्हीकडच्यांनी बांध कोरत कोरत ट्रॅक्टर जेमतेम निघेल एवढीच ठेवली आहे. साखळीवर रडताय, आमचा रस्ताच गिळलाय लोकांनी. मळेकरी, तुमच्या वाय अँगलचा शेवटचा खांब कुठे आहे ते बघून या आधी.

मळेकरी
ताई, माझा खांब हद्दीत आहे, मोजणी झालेली आहे. दुसऱ्यांचं मी सांगू शकत नाही.

ओलीवाट
सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण म्हणून सगळ्या पाणंदी काँक्रीटच्या करायच्या का? शेतरस्ते पक्के करायची २०२१ ची मातोश्री पाणंद योजना आली तेव्हापासून मला हीच धास्ती आहे. इटलीतल्या टस्कनीत पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली चालले होते. ते राखावेत म्हणून १९९७ साली किआंतीतल्या गायोलेमध्ये जुन्या सायकलींची 'लेरोइका' सुरू झाली. त्याच रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिकांची शर्यत होते आणि आज जग ते रस्ते बघायला येतं. मुरमाची पाणंद, दोन्हीकडे बाभळी, मध्ये गवताची पट्टी. हे एकदा गेलं की गेलं.

शिवारातली
तुमच्या चाकाखाली खडी करकरावी म्हणून आम्ही माणसं बाजेवर न्यायची? टस्कनीत पाऊस पडतो तसा आमच्याकडे पडत नाही, आणि तिथल्या मातीत गुडघाभर पाय जात नाही. माझा मुलगा दप्तर डोक्यावर आणि बूट हातात घेऊन शाळेत जातो. गवताची पट्टी बघायला तुम्ही दोन तास येता. आम्हाला काँक्रीटच पाहिजे. जाड. गावापासून शेवटच्या वस्तीपर्यंत.

ओलीवाट
मी माणसाच्या जिवावर उठलोय असं लिहू नका. मी रस्त्याच्या रूपाबद्दल बोलतोय.

शिवारातली
रूप बघायला आधी रस्ता असावा लागतो.

मोरीवाला
दोघेही थांबा. वीस वर्षं ग्रामीण रस्त्यांची कामं केली आहेत. काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर नुसतं काँक्रीट ओतलं तर दोन-तीन पावसाळ्यांत तुटतं, आणि तुटलेलं काँक्रीट चिखलापेक्षा वाईट, ट्रॅक्टरचे टायर कापतं. आधी काळी माती उकरून काढायची, खाली कठीण मुरूम भरून पाणी मारून रोलर फिरवायचा, वर खडी, मध्ये उंच आणि कडांना उतार. दोन्हीकडे चर, आणि जिथे ओघळ येतो तिथे नळ्या टाकायच्या. पाणी निघून गेलं की मुरमाचा रस्तासुद्धा पावसात चालतो. आमच्याकडे काम होतं ते उलटं. चर कुणाच्या तरी बांधातून जातो म्हणून सोडून देतात, कारण तो बांध सोडायला कुणी तयार नसतं. एका कामात मी स्वतः सोडून दिलाय, वरून फोन आला म्हणून. पहिल्याच पावसात रस्ता वाहून गेला. अजून मनात आहे.

शिवारातली
निचऱ्याचं पटलं. पण हे सगळं नीट करून देणारा माणूस भेटेपर्यंत मी काँक्रीटच मागणार. निदान ते फोटोत दिसतं आणि बिल निघताना कुणीतरी बघायला येतं.

चाकोरीबाहेर
अतिक्रमणाला कायदा आहे ना? कलम १४३ लावा.

मळेकरी
१४३ हे महसूल संहितेतलं, ज्याच्या शेताला रस्ताच नाही त्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळावी म्हणून. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. दोन्ही तहसीलदारांकडे. आणि दोन्ही शेतात जाणाऱ्यासाठी आहेत, रविवारच्या राइडसाठी नाहीत. पाटाचा रस्ता तर कालव्याच्या देखभालीसाठी आहे. वाघाड धरणाला तर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था पाण्याचं वाटप आणि चाऱ्यांची, म्हणजे पाटाच्या फाट्यांची, देखभाल स्वतः बघतात. आवर्तन, म्हणजे पाटाला सोडलेलं पाणी, चालू असताना रात्री दोनला माणूस त्याच रस्त्यावरून बॅटरी घेऊन फिरतो. 'सरकारी' म्हणजे कुणाचाच नाही असा अर्थ काढू नका.

चाकोरीबाहेर
ठीक. कायद्याचं मी चुकलो. 'वाइनयार्ड'ही बदलतो. पण साखळीचं उत्तर तुम्ही अजूनही टाळताय. तुमच्या बाजूचा माणूस आहे म्हणून?

मळेकरी
हो, टाळत होतो. कारण तशीच एक साखळी माझ्याही वाटेवर आहे. रात्री माल चोरीला गेला तेव्हा लावली. तुमचं वाचून आज संध्याकाळी जाऊन बघितली, पश्चिमेकडून येताना खरंच दिसत नाही. उन्हात गंज आणि माती एकच. मी सायकलवाला असून हे लक्षात आलं नाही, याचं वाईट वाटलं. उद्या काढतो आणि पांढरा रंग दिलेला आडवा बांबू बसवतो, बाजूने सायकल निघेल एवढी जागा ठेवून. पण ब्लोअर चालू असेल तेव्हा ती जागाही बंद असेल. तोडणीआधी कोणतं औषध किती दिवस बंद ठेवायचं याचा हिशेब असतो, २०१० ला युरोपने क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी माल अडवला तेव्हापासून तो दिवस इकडचा तिकडे करता येत नाही. तुमच्या सुट्टीप्रमाणे तर नाहीच.

ओलीवाट
मग जायचं कधी? नोव्हेंबर ते मार्च फवारणी आणि माल, एप्रिल-मेमध्ये ऊन, नंतर चिखल.

मळेकरी
एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत घड नसतो. पहाटे साडेपाचला निघून नऊला परत या. ऊन सोसत नसेल तर हिवाळ्यात या, पण चार-पाच जण, सामानाची गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून, आणि आदल्या दिवशी विचारून.

चाकोरीबाहेर
येत्या रविवारी आम्ही पाच जण. चालेल?

मळेकरी
रविवारी फवारणी आहे. बुधवारी या. कोपरावर पट्टी असेल तर त्या ओढ्याच्या उतारावर जपून, खडी सुटी आहे.

शिवारातली
बुधवारी येताय तर आमच्या पाणंदीवरूनही या, फोटो काढा. गवताचे नको, कोरलेल्या बांधांचे. तहसीलला अर्ज द्यायचाय, त्याला जोडते.