मदत हवी आहे : जर्मनीतील दुकानात सुके बोंबील विकताना फलकावर नेमके काय लिहावे?

नमस्कार. जर्मनीत माझे भारतीय वाणसामानाचे लहान दुकान आहे. नेदरलँड्समधील एका आयातदाराकडून मी गोठवलेले पापलेट आणि बांगडे घेते. आता प्रथमच सुके बोंबील मागवले असून ते ग्राहकासमोर वजन करून सुटे विकायचे आहेत. नमुन्याच्या खोक्यावर ‘बॉम्बे डक’ हे इंग्रजी नाव, तारीख आणि भारतातील पॅकिंग केंद्राचा मान्यता क्रमांक आहे. तो क्रमांक मी सर्वांत आधी पाहिला, कारण 1990च्या दशकात युरोपीय संघाने केवळ मान्यताप्राप्त गोठवण व डबाबंद कारखान्यांतील मासळीच स्वीकारल्यामुळे ब्रिटनमध्ये बोंबलांची आयात बंद पडली होती. पुढे उन्हात सुकवलेले बोंबील मान्यताप्राप्त केंद्रात पॅक करण्याच्या अटीवर पुन्हा येऊ लागले.

युरोपीय संघाचा 2013चा 1379 क्रमांकाचा नियम मी वाचला आहे. त्यानुसार ताज्या, गोठवलेल्या, सुक्या किंवा खारवलेल्या माशाचे व्यापारी व शास्त्रीय नाव, तो समुद्रात पकडलेला की संवर्धित, कोणत्या क्षेत्रातला आणि कोणत्या प्रकारच्या साधनाने पकडला, हे ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे. शेजारच्या फळीवरील कोळंबीच्या लोणच्याला मात्र हे कलम लागू होत नाही. सुट्या विक्रीसाठी ही माहिती फलकावर लिहिली तरी चालते. ईशान्य अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातील माशांना उपक्षेत्रही द्यावे लागते. आपल्या बोंबलांना ‘पश्चिम हिंदी महासागर’ एवढे पुरेसे आहे. इथपर्यंत माझी अडचण नाही.

अडचण जाळ्यापाशी सुरू होते. नियमाच्या परिशिष्टात ओढजाळी, ट्रॉल (चालत्या बोटीमागे ओढायचे जाळे), गिलनेट (माशाचे कल्ले अडकवणारे जाळे), वेढा घालणारी व उचलून घेण्याची जाळी, गळ, तळ खरवडणारी साधने आणि सापळे असे सातच गट आहेत. आयातदाराच्या म्हणण्याप्रमाणे हे बोंबील डोलीचे, म्हणजे ‘डोल’ नावाच्या जाळ्याने पकडलेले आहेत. डोल एका जागी खुंटांना बांधलेली असते, भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर तोंड करून उभी राहते आणि मासा प्रवाहाबरोबर तिच्यात शिरतो. ती ओढली जात नाही, म्हणून ट्रॉल लिहिणे मला चुकीचेच नव्हे, तर डोलकरांवर अन्याय करणारे वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या वर्गीकरणात अशी प्रवाहात बांधलेली जाळी सापळ्यांत मोडतात. त्या आधारे फलकावर ‘सापळे’ लिहिले, तर तपासणीत मान्य होईल का? कोणी प्रत्यक्ष असे लिहिले असल्यास कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न नावाचा. व्यापारी नावांची जर्मन यादी येथील केंद्रीय कृषी व अन्न संस्था ठेवते. यादीत नसलेल्या जातीला आधी तात्पुरते नाव मिळते आणि पाच महिन्यांच्या आत कायमचे नाव ठरवावे लागते. अधिकृत नाव आणि ‘हार्पाडॉन नेहेरियस’ हे शास्त्रीय नाव मी लिहीनच. त्यांच्या वर मोठ्या अक्षरांत ‘बोंबील’ लिहिता येईल का? माझे बहुतेक ग्राहक हेच नाव विचारतात.

शेवटचा प्रश्न माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. माशाचे बंदर, उत्पादनाची पद्धत, सामाजिक माहिती असा मजकूर स्वेच्छेने देण्याची मुभा हाच नियम देतो. मात्र तो पडताळता आला पाहिजे आणि बंधनकारक माहितीची जागा त्याने व्यापता कामा नये. मला ‘वसईच्या कोळी महिलांनी वलांडीवर सुकवलेले’ (वलांडी म्हणजे मासे टांगून सुकवण्याची मांडणी) असे लिहायचे आहे, कारण या मालाची खरी प्रत त्यांच्या हातांमुळे येते आणि ते इथल्या ग्राहकाला समजले पाहिजे. आयातदाराच्या बिलावर मात्र फक्त ‘महाराष्ट्र’ असे आहे. पॅकिंग केंद्राकडून गावाचे व पुरवठादार संस्थेचे लेखी पत्र मागवले तर पडताळणीस पुरेसे ठरेल, की प्रत्येक खेपेच्या पकड प्रमाणपत्राशी (मासा कायदेशीर रीतीने पकडल्याच्या दाखल्याशी) त्याचा मेळ दाखवावा लागेल? माल दोन आठवड्यांत येणार आहे आणि हे पत्र मागवायचे असल्यास खेप निघण्याआधीच कळवावे लागेल.