बेघर कुटुंबाची रहस्यकथा मुलांसमोर वाचावी का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
आमच्याकडे दर रविवारी १० ते १३ वर्षांची काही मुले वाचनासाठी जमतात. ब्लू बॅलिएट यांची ‘होल्ड फास्ट’ ही २०१३ मधील इंग्रजी कादंबरी त्यांना मराठीतून सांगत वाचावी, असे मनात आहे. शिकागोतील ग्रंथालयात नोकरी करणारे वडील ऐन हिवाळ्यात नाहीसे होतात, घरात घुसलेले लोक सगळे उद्ध्वस्त करतात आणि अकरा वर्षांची अर्ली आई व धाकट्या भावासह निवारागृहात येते. वडिलांचा माग ती तिथूनच काढते. मात्र आमच्यातील एका मुलीची इमारत पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक ठरवून रिकामी करण्यात आली असून ते कुटुंब सध्या मामांकडे राहते. तिला ही गोष्ट बोचेल का?

उत्तर (कळवा)
ताई, अवश्य वाचा, पण आधी तिच्या आईशी बोला. मी शिक्षिका होते. घर गेलेल्या मुलाकडे वर्ग कीव करत पाहतो, आणि त्याला नेमके तेच सोसवत नाही. इथे अर्लीची कीव करायला वाचकाला सवड मिळत नाही, कारण वडिलांच्या वहीतले आकडे आणि अमेरिकी कवी लँग्स्टन ह्यूज यांचे लयीविषयीचे पुस्तक यांतून धागे जुळवण्यात तो तिच्याबरोबर गुंततो. कादंबरीचे नावही ह्यूज यांच्याच स्वप्नांवरील कवितेतून आले आहे. ती छोटी कविता आधी वाचून दाखवा.

उत्तर (मुंब्रा)
लहानपणी मी संक्रमण शिबिरात राहिलो आहे. खोली लहान होती याचे दुःख नव्हते. शाळेच्या अर्जावर पत्ता कोणता लिहायचा, हे कळत नसे आणि मित्रांना घरी बोलावता येत नसे. चर्चेत अशा बारीक गोष्टींना जागा द्या, मात्र “तुला कसे वाटते?” असे त्या मुलीला सर्वांसमोर विचारू नका. आणखी एक फरक मुलांना सांगावासा वाटतो. ४ एप्रिल २०१३ रोजी आमच्याजवळ शिळफाट्याला बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून ७४ जण गेले. त्यामुळे इमारत का रिकामी करतात, हे आमच्या मुलांना समजावता येते. अर्लीला आपले घर का गेले हेच ठाऊक नसते, आणि तो शोध म्हणजेच ही कादंबरी.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. आज तिच्या आईशी बोलले. पहिली दोन प्रकरणे त्या स्वतः आधी वाचणार आहेत, आणि वहीतले आकडे फळ्यावर लिहिण्याचे काम मुलीने आपणहून मागून घेतले आहे.