डावखुऱ्या हातासाठी जॉयस्टिक आणि थ्रॉटल : जुनी दुरुस्त करू की नवी घेऊ?

डावखुरी_नौपाडा

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, बँकेत कॅशियर आहे. रात्री साडेदहानंतर घरातले झोपले की तास-दोन तास विमान उडवते. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आला तेव्हापासूनची ही सवय.

जॉयस्टिक अगदी साधी आहे. मूठ पिळली की रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू, आणि बुडाशी अंगठ्याएवढी पट्टी, तीच थ्रॉटल, इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी. नाव सांगत नाही, कारण तक्रार कंपनीबद्दल नाही. इतकी वर्षं तिने इमानाने काम केलंय. पण गेल्या दिवाळीपासून मुठीवरचा हात पूर्ण काढला तरी विमानाचं नाक मध्येच डावीकडे झटका खातं. आधी वाटलं सिम्युलेटरमधला वारा असेल. हवामान निरभ्र करून, वारा शून्य करून पाहिलं. तरी तेच.

हे आत्ता जास्त लागतंय, त्याला कारण आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. तो मार्ग मी सेसना १७२ ह्या छोट्या विमानातून टप्प्याटप्प्याने करतेय. त्यांचं पस मॉथ विमान वेगळं, पण किनारा तोच. ऑटोपायलट लावत नाही, तेवढं एक पथ्य पाळलंय. अहमदाबाद ते जुहू हा टप्पा मला दोन तासांचा पडला. डहाणू गेलं, वसईची खाडी ओलांडली, जुहूची धावपट्टी समोर दिसली आणि जमिनीला टेकायच्या अगदी आधी तो झटका. डावं चाक धावपट्टीच्या बाहेर. मी खुर्चीत बराच वेळ तशीच बसून होते.

आता अडचणी सांगते. मी डावखुरी आहे. सहा वर्षं उजव्या हाताने उडवलं, जमतं, पण बारीक काम डाव्या हातानेच होतं. दर शनिवारी ऐरोलीहून पुतण्या येतो, तो डीसीएस ह्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये फुकट मिळणारं सुखोई-२५टी उडवतो आणि तो उजवा आहे. कॉम्प्युटर ठेवलाय सासूबाईंच्या पायमशीनच्या टेबलावर. मशीन खाली आत गेलेलं, वर फळी. जागा मोजून साडेतीन फूट. आणि बजेट २५,००० रुपये. त्याच्यावर एक रुपया जाणार नाही, कारण जूनमध्ये शाळेच्या फिया आहेत.

दुरुस्तीच्या मागे लागू, की नवीन घेऊ? नवीन घेतली तर आधी स्टिक की आधी थ्रॉटल?

रबाळे_इन्स्ट्रुमेंट

ताई, पैसे काढायच्या आधी दहा मिनिटं द्या. मी एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, व्हॉल्व्हची पोझिशन दाखवणारे सेन्सर रोज हाताखालून जातात. तुमचा आजार तोच वाटतोय.

विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकदम दाबा, चौकटीत जॉय डॉट सीपीएल लिहा. प्रॉपर्टीजमध्ये मूठ पिळायच्या अक्षाची पट्टी दिसेल, झेड रोटेशन म्हणून. हात न लावता ती मधोमध स्थिर राहते का बघा. मग मूठ सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. पट्टी कुठे थरथरते ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

कोपरीकर

डावखुरेपणाची काळजी आधी सोडा, तो तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. सेसनात पायलट डावीकडे बसतो. डावा हात योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर, उजवा हात थ्रॉटलवर. एअरबस ए३२० चा कॅप्टनही डावीकडे बसतो आणि साइडस्टिक त्याच्या डाव्या हाताला असते, इंजिनांचे लिव्हर मध्ये, म्हणजे उजव्या हाताला. उजव्या हातात स्टिक आणि डाव्यात थ्रॉटल ही लढाऊ विमानांची पद्धत. गेमिंगची बहुतेक थ्रॉटल त्यांच्यावरून बनतात, म्हणून तुम्हाला वाटतं की सगळं आपल्या उलटं आहे.

थ्रस्टमास्टरची टी १६०००एम आणि त्याच कंपनीची एअरबस साइडस्टिक, ह्या दोन्हींत मुठीचे काही भाग काढून उलट बाजूचे बसवता येतात. म्हणजे डाव्या हातालाही नीट बसतात. दोन्हींत पुढे-मागे आणि डावी-उजवीकडचे अक्ष चुंबकीय सेन्सरवर आहेत. चुंबक हलतो, सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो, कशाला काही घासत नाही. एका अक्षावर १६,३८४ पायऱ्या मिळतात, नावातला आकडा तिथूनच आला.

टी १६०००एमबरोबर टीडब्ल्यूसीएस थ्रॉटल मिळते. रुळावर सरकणारी, चांगली लांब चालीची, पुढच्या बाजूला बोटांनी दाबायचा रडरचा रॉकरही आहे. पण तिचा आकार डाव्या तळव्यासाठी. ती उजव्या हाताखाली ठेवली तर अंगठ्याची बटणं करंगळीकडे जातात. तुमच्यासाठी नको.

एअरबसचं क्वाड्रंट, म्हणजे लिव्हरवाली थ्रॉटल, मात्र दोन्ही बाजूंनी सारखं आहे. दोन लिव्हर, आयडल (सगळ्यात कमी जोर), क्लाइंब (चढताना), टोगा (पूर्ण जोर) अशा खाचा हाताला लागतात. तुम्ही उजवीकडे ठेवा, शनिवारी पुतण्याने डावीकडे सरकवावं. स्टिक आणि क्वाड्रंट एकत्र मिळतं त्याला ऑफिसर पॅक म्हणतात. भाव दर महिन्याला हलतो, त्यामुळे आकडा देत नाही. बजेटमध्ये नाही बसलं तर नुसती स्टिक घ्या. तिच्याच बुडावर एक सरकती थ्रॉटल आहे, सेसनाला तेवढी पुरते.

घणसोली_खाडीकाठ

थोडं वेगळं सांगतो. माझ्याकडे थ्रस्टमास्टरची वॉर्थॉग आहे, ए-१० सी ह्या लढाऊ विमानाच्या मुठीची नक्कल, धातूची. हात लावला की दुसरं काही घ्यावंसं वाटत नाही. पण तिची मूठ पिळली जात नाही. रडरला पॅडल घ्यावेच लागतात आणि खर्च तिथे दुप्पट होतो. कुणीही तुम्हाला ती सुचवली तरी पॅडलशिवाय घेऊ नका.

माझं म्हणणं बसवण्याबद्दल आहे. स्टिक कितीही भारी असू दे, टेबल उंच असेल तर खांदा वर उचलला जातो आणि अर्ध्या तासाने हात थरथरतो. तो थरथराट विमानात दिसतो आणि आपण सेन्सरला दोष देतो. कोपर काटकोनात, मनगट सरळ, एवढी उंची हवी. पायमशीनच्या टेबलाचा स्टँड बिडाचा असेल तर तो जागचा हलणार नाही, पण वरची फळी बिजागरीवर असते, ती हलते. स्टिक फळीवर ठेवू नका.

मी पहिली दोन वर्षं घरातला जेवायचा पाट वापरला. पाटाला खालून वेल्क्रो, स्टिकच्या बुडाला वेल्क्रो, आणि पाट खुर्चीच्या कडेला दोन सी क्लॅम्पनी आवळलेला. आईने एक पाट दिला तो अजून परत मागितलेला नाही. क्लॅम्प जांभळी नाक्याच्या बाजारात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतील.

आणि थ्रॉटलसाठी ठेवलेले पैसे पॅडलवर लावा. आडव्या वाऱ्यात सेसना उतरवायची तर पायानेच मजा आहे.

कोपरीकर

घणसोलीवाले, पायमशीन म्हणजे खाली पायटा आहे. पॅडल ठेवणार कुठे?

घणसोली_खाडीकाठ

खरंय. ते लक्षात आलं नाही. पॅडल रद्द.

डावखुरी_नौपाडा

सगळ्यांचे आभार. पायटा काढता येणार नाही, सासूबाई अजून मशीन चालवतात, गणपतीच्या मखराचे पडदे तिथेच शिवले जातात.

इन्स्ट्रुमेंटवाले दादा, पट्टी बघितली. मधोमध सोडली की थरथरते, मध्येच डावीकडे उडी मारून परत येते. दोन्ही टोकांना नेली तर अगदी स्थिर. डाव्या टोकापासून हळू आणली तर मध्याच्या जवळ आल्यावरच अडखळते. दुसरे दोन अक्ष ठीक आहेत.

रबाळे_इन्स्ट्रुमेंट

मग प्रश्नच नाही. पिळण्याच्या अक्षाचा पोटेन्शिओमीटर, आम्ही पॉट म्हणतो, तो झिजलाय. आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावरून एक बारीक टोक फिरतं. माणूस बहुतेक वेळ सरळ उडवतो, म्हणजे ते टोक मधल्या जागेवर थोडं-थोडं घासत राहतं. पट्टा तिथेच आधी जातो, आणि नेमकी तीच जागा आपल्याला सगळ्यात स्थिर हवी असते. टोकाला कुणी फारसं जात नाही, म्हणून तिथे पट्टा नवा कोरा आहे. चाळीस रुपयांचा भाग आणि दोन तासांची उड्डाणं वाया घालवतो, मला ह्या गोष्टीचा मनापासून राग येतो.

तीन उपाय, स्वस्तापासून. पहिला : सिम्युलेटरमध्ये त्या अक्षाला डेड झोन द्या, म्हणजे मध्याजवळच्या तेवढ्या हालचालीकडे सिम्युलेटर लक्ष देत नाही, ५ टक्क्यांपासून सुरुवात करा. उडी त्यापेक्षा मोठी असेल तर उपयोग नाही. दुसरा : जॉयस्टिक उघडून पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि मूठ पन्नास वेळा ह्या टोकाहून त्या टोकाला फिरवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला क्लीनरच घ्या, गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसते. आपल्याकडे खाडीची दमट हवा, पावसाळ्यात तर विचारू नका. तिसरा : पॉटच बदला. त्यावरचा आकडा बघून तेवढ्याच किलोओहमचा, लिनिअर जातीचा. डाग द्यायला माणूस हवा असेल तर सांगा, रबाळे स्टेशनला भेटू.

आणि कोपरीकरांच्या यादीत एक भर. टी १६०००एममध्येसुद्धा पिळण्याचा अक्ष चुंबकीय नाही, पॉटच आहे. ज्यांना तिथेही न घासणारा सेन्सर हवा त्यांनी व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी इव्हो बघावी. डाव्या हाताची वेगळी मिळते. पण ती डाव्याचीच, मग पुतण्याचं काय? शिवाय परदेशातून मागवायची तर कस्टम ड्यूटी आणि बिघडली तर परत पाठवायचा खर्च आधी धरा.

घणसोली_खाडीकाठ

एक राहिलं. नवीन काहीही आणलंत तरी सेन्सिटिव्हिटीचा वक्र, म्हणजे हात किती हलला की विमान किती हलेल ते ठरवणारी सेटिंग, बदलायला विसरू नका. खऱ्या सेसनाचा योक कितीतरी लांब सरकतो, आपली स्टिक टेबलावर चार बोटं हलते. तेवढ्या चार बोटांत पूर्ण चाल कोंबलेली असते, म्हणून मधल्या भागात विमान अंगावर येतं. वक्र मध्याजवळ चपटा करा, उणे ३० च्या आसपास. टोकाला पूर्ण जोर मिळतोच. काही लोक ह्याचसाठी मुठीखाली लांब दांडा लावतात. तोच कोन, पण हाताला जास्त अंतर मिळतं. तो आपल्या ह्या बजेटचा विषय नाही.

डावखुरी_नौपाडा

अकरा दिवसांनी लिहितेय. डेड झोन ५ वर काही झालं नाही, १२ वर झटका थांबला, पण मग रडर उशिरा लागायला लागला. रविवारी नवऱ्याने आणि मी मिळून जॉयस्टिक उघडली. क्लीनर मारला. सहा रात्री विमान सुतासारखं सरळ गेलं. सातव्या रात्री पट्टी परत थरथरली, पूर्वीपेक्षा कमी, पण थरथरली. म्हणजे पट्टा गेलेलाच आहे.

ठरवलंय ते असं. एअरबस साइडस्टिक घेते, एकटीच. थ्रॉटल बुडावरची वापरेन. क्वाड्रंट दिवाळीला, बोनस आला तर. मुठीचे भाग डाव्या हाताचेच लावून ठेवणार. पुतण्याला विचारलं, तो म्हणाला, काकू, मला जुनी द्या, पॉट मी बदलतो. दहावीच्या सुट्टीत त्याला डाग द्यायला शिकायचंच होतं. दादा, तुमची रबाळे स्टेशनची तयारी अजून आहे ना?

पाट सासूबाईंनी स्वतः काढून दिला. त्यांचं म्हणणं फळीला स्क्रू मारायचा नाही आणि आरशाच्या बाजूने वायर न्यायची नाही, बाकी काय हवं ते करा. पाट टेबलाला नाही, खुर्चीच्या डाव्या हाताला बांधतेय. कोपर आता काटकोनात येतं, नुसतं रिकामं बसून बघितलं.

रबाळे_इन्स्ट्रुमेंट

शनिवारी संध्याकाळी सहा, तिकीट खिडकीसमोर. मुलाला म्हणावं जॉयस्टिक उघडूनच आण, स्क्रू एका डबीत. सोल्डरिंग आयर्न मी आणतो. जुना पॉट फेकू देऊ नका, त्यावरचा आकडा लागेल.

कोपरीकर

ताई, जुन्या आणि नव्या दोन्ही स्टिक एकाच कॉम्प्युटरला लावणार असाल तर कुठली कुठल्या यूएसबीत आहे त्याचा फोटो काढून ठेवा. डीसीएस प्रत्येक उपकरण वेगळं ओळखतं, खोच बदलली की काही वेळा बटणांची मांडणी परत करावी लागते. पुतण्याच्या सुखोईवर तुमची साइडस्टिकही आपोआप पिच-रोलला, म्हणजे नाक वर-खाली आणि पंख डावे-उजवे करायच्या अक्षांना, लागेल, ती त्या यादीतून पुसून टाका. नाहीतर तो उजवीकडे वळेल आणि तुमचा हात चुकून लागला तर डावीकडे.

आणि जुहू पुन्हा करणार असाल तर अहमदाबादहूनच करा, मधूनच सुरू करू नका. कधी उडताय ते इथे लिहा. मी माझ्या घरून सोबत उडतो, मागे अर्ध्या मैलावर.

डावखुरी_नौपाडा

पुढच्या शुक्रवारी रात्री अकरा. शनिवारी बँकेला सुट्टी आहे, दुसरा शनिवार. उंची ३,५०० फूट ठेवूया, किनारा नीट दिसतो. साबरमती ओलांडली की मी दिवे लावते.